ट्रूडीनं घासलेल्या कड्या

मंगळवारी सकाळी कामावर पोचल्यावर ट्रूडी हुडाकनं किल्ल्यांची कडी उघडायला अंगठा लावला, आणि कडी तिच्या हातात फुटली.

वाकली नाही, कट्टकन वाजली नाही. चहात जास्त वेळ राहिलेलं बिस्किट जसं बोटांत येतं, तशी आली. अर्धी हातात, अर्धी खाली. किल्ल्या फरशीवर खळ्ळकन पडल्या.

ही काही बाजारातली दोन दिवसांची कडी नव्हती. डोंगर चढणारे वापरतात ती, कॅराबिनर. तिच्या भावानं, लेनीनं दिलेली. लेनी झाडं कापतो. दोरीवर लटकून, सत्तर-ऐंशी फुटांवरून, वरून खाली तुकडे करत. त्याच्या हातून एकदा ही कडी उंचावरून दगडावर पडली, म्हणून त्यानं बाद केली आणि बहिणीला किल्ल्यांना दिली. बाद झाली तरी तिला मोटार टांगता आली असती.

ट्रूडीनं खाली बसून तुकडा उचलला. तुटलेल्या जागी बघितलं. धातू आतून साखरेसारखा दाणेदार झालेला, आणि त्या दाण्यांवर घाम फुटल्यासारखी चंदेरी ओल.

ही ओल ती ओळखत होती. गेली सहा वर्षं ती त्या ओलीवरच जगत होती.

तिचा हात फोनकडं गेला. कारण रविवारी तिनं ही एकच कडी घासली नव्हती. लेनीच्या सगळ्या घासल्या होत्या.

लॉरेन्सव्हिलमध्ये एका जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तिच्या कामाची पाच माणसांची जागा. आत जाताना दाराबाहेर एक लाकडी खोका आहे. ॲल्युमिनियमचं जे काही अंगावर असेल ते त्यात टाकायचं. किल्ल्या, पाण्याची बाटली, फोन, काहीही. आत पातळ धातू असतो. गॅलियम आणि इंडियम मिसळून केलेला, खोलीत ठेवला तरी पाण्यासारखा वाहणारा. लोक म्हणतात पारा आहे का, तर नाही. हातावर घेतला तरी माणसाला काही करत नाही, नुसता करडा डाग पडतो. पण ॲल्युमिनियमचा वैरी. वरची चकाकी शाबूत असेल तोवर गप्प बसतो. एक ओरखडा मिळाला की आत शिरला. मग कण न् कण सुटा करतो. वाळवी लागलेली चौकट बाहेरून कशी धड दिसते, तसं. हात लावला की भुगा.

या धातूच्या रेघा ओढायच्या, हे ट्रूडीचं काम. मऊ रबराच्या पापुद्र्यावर, केसाचे उभे वीस भाग केले तर त्यातल्या एकाएवढ्या बारीक. तांब्याची तार ताणली की तुटते. ही रेघ रबराबरोबर ताणते आणि परत येते. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या छातीवर चिकटवायच्या पट्ट्या त्यातून होतात. त्या बाळांची कातडी एवढी नाजूक की साधी चिकटपट्टी काढली तरी सोलून येते. ट्रूडीची पट्टी ओल्या पानासारखी बसते आणि आतल्या काळजाचे ठोके बाहेर सांगते.

करायची रीत ऐकायला सोपी आहे. रबरावर एक लेप द्यायचा. लेपावर उजेड पाडून जिथं रेघ हवी तिथं फटी पाडायच्या. मग वरून रोलरनं धातू फिरवायचा आणि शेवटी लेप धुऊन टाकायचा. फटीत राहिलेला धातू म्हणजे रेघ. मेख आहे ती फिरवण्यात. दुधावर साय येते तशी या धातूवर हवेनं लगेच साय येते, आणि त्या सायीमुळंच तो चिकटतो. दाबला तर साय फाटते, धातू गोळ्या होऊन पळतो. सैल सोडला तर फटीत उतरतच नाही. बेहनाझनं, म्हणजे या जागेच्या मालकिणीनं, दोन देशांत शिकून त्याची गणितं मांडली होती. रोलर मात्र तिच्या हाताला कधी वश झाला नाही. ट्रूडीच्या हाताला पहिल्या दिवशी झाला.

ट्रूडीनं शाळा सतराव्या वर्षी सोडली. आई गेली तेव्हा लेनी पाच वर्षांचा होता. बाप आधीच कुठं तरी ओहायोकडं नाहीसा झालेला. मावशी म्हणाली, पोराला मी नेते. ट्रूडी म्हणाली, हात लावून दाखव. मग मिलव्हेलमध्ये टी-शर्ट छापायच्या दुकानात लागली. जाळीची चौकट, शाई, रबरी पट्टी, ओढ. बावीस वर्षं. दुकान बंद पडलं तेव्हा जुन्या चौकटी विकत घ्यायला बेहनाझ आली. ट्रूडीनं शेवटचा शर्ट छापताना तिनं बघितलं आणि चौकटी राहिल्या बाजूला, म्हणाली, "तू येतेस का?"

ट्रूडी म्हणाली होती, "मला शाळेचं सर्टिफिकेट नाही."

"सर्टिफिकेटवाले माझ्याकडं तीन आहेत. त्यांच्या हातून रेघ येत नाही."

असं ते जमलं.

आणि रविवारचं हे असं, की लेनी चर्चनंतर सामानाची पिशवी घेऊन बहिणीकडं यायचा. कोबी आणि नूडल लोण्यात परतलेली हलुश्की दोन ताटं हाणायचा आणि सोफ्यावर घोरायचा. तेवढ्या वेळात ट्रूडी त्याचं सामान बघायची. दोरी हातातून इंच इंच सरकवायची. कड्या एकेक उघडमीट करून बघायची. बारा वर्षांपूर्वी लेनीच्या बरोबरचा एक जण कडी अर्धवट लागल्यामुळं गेला होता. त्यानंतरच्या रविवारपासून तिनं हे सोडलं नाही. लेनी चिडवायचा, "एवढी झडती तर पोलीस पण घेत नाहीत."

या रविवारी कड्यांवर पाईनचा चीक बसला होता. काळा, चिवट. झडपा नीट मिटेनात. ट्रूडीनं कामावरून आणलेली हिरवी घासणी घेतली आणि एकेक कडी घासून लख्ख केली. स्वतःच्या किल्ल्यांची पण, लागल्या हाती.

घासणी कामावरची. खोलीतून पेन्सिलसुद्धा बाहेर जायची नाही हा बेहनाझचा नियम. पण ट्रूडीला चांगली वस्तू फेकवत नाही. कोऱ्या राहिलेल्या घासण्या ती घरी आणायची. त्यात तिची एक पद्धत होती. धातूला लागलेल्या घासणीचा कोपरा ती तिथंच कात्रीनं उडवायची. कोपरा आहे म्हणजे घासणी कोरी. सहा वर्षांत एकदाही चूक नाही.

शुक्रवारी कात्री सापडत नव्हती.

आता दारात उकिडवी बसलेली असताना तिला ते जसंच्या तसं दिसलं. चाळीस पट्ट्या संध्याकाळी जायच्या होत्या. टेबलावरची काच घासणीनं पुसली, कात्री शोधली, म्हणाली नंतर कापते, आणि घासणी टेबलाच्या डाव्या कडेला ठेवली. डावी कड कोऱ्या घासण्यांची.

"ट्रूडी? चेहरा असा का झालाय तुझा?" बेहनाझ हातात कॉफी घेऊन जिना चढून आली होती.

ट्रूडीनं तुकडा पुढं केला.

बेहनाझनं बघितला. कॉफी खाली ठेवली. "ही आत नेली होतीस?"

"नाही. घासणी बाहेर नेली. घरी. शुक्रवारी."

"मी किती वेळा सांगितलंय की या खोलीतून..." ती मध्येच थांबली. "अजून काय घासलंस?"

"लेनीच्या कड्या."

"म्हणजे कसल्या?"

"त्याच्या चढायच्या, बेहनाझ. तो ज्याला लटकतो त्या."

बेहनाझच्या तोंडून तिच्या भाषेत काहीतरी निघालं. मग ती भराभर बोलायला लागली. "ऐक. नीट ऐक. धुऊन जाणार नाही, पुसून जाणार नाही. सावकाश वजन असेल तर कदाचित टिकेल. झटका बसला की संपलं. कळलं? झटका नको. आज तो चढलाय?"

"काल विजा कडकडत होत्या म्हणून नाही चढला. आज..." तिनं फोन आधीच कानाला लावला होता. वाजत राहिला. लेनीचा आवाज आला, गेल्या ख्रिसमसला दोन बिअर पिऊन भरलेला: "मी झाडावर आहे. माकडाला निरोप ठेवा."

"जा," बेहनाझ म्हणाली. "मी त्याला फोन करत राहते. जा ना!"

ट्रूडीनं किल्ल्या फरशीवरून गोळा केल्या. गाडीची किल्ली तिच्या हातून दोनदा हुकली. याच हातांनी तिनं शुक्रवारी केसाच्या विसाव्या भागाची रेघ ओढली होती.

बासष्टाव्या रस्त्याच्या पुलाआधी सिग्नल लागला. हिरवा झाला तसा समोरच्या म्हाताऱ्यानं या शहराच्या रिवाजाप्रमाणं हात करून, आपली गाडी रोखून तिला आधी त्याच्यासमोरून डावीकडं वळू दिलं. एरवी ती हात हलवून आभार मानते. आज तिला म्हातारा दिसलाच नाही. तिला आपला अंगठा दिसत होता. रविवारी टीव्हीवर फुटबॉल चाललेलं, लेनीचं घोरणं, आणि आपला अंगठा घासणीवर जोर देऊन गोल गोल फिरतोय. दोरी घासून घासून कडीच्या पोटाचा रंग आधीच उडालेला असतो. नेमका तिथंच चीक जास्त होता. नेमकं तिथंच तिनं जास्त घासलं. धातूला आत जायला दार हवं असतं. दार तिनं स्वतःच्या हातानं किलकिलं करून, चाटून पुसून तयार ठेवलं होतं.

नदी खालून गेली. शार्प्सबर्ग गेलं. लेनी रविवारी म्हणाला होता, मंगळवारी फॉक्स चॅपलला, मोठ्ठं ॲशचं झाड आहे, मेलेलं, पोखरलेलं. ट्रूडीनं विचारलं होतं, मेलेल्यावर चढायचं कशाला? तो म्हणाला होता, "अगं झाडाचा भरवसा नाही, म्हणून तर सामानाचा ठेवायचा. आणि सामान तू बघतेस."

हे वाक्य आठवलं आणि तिनं वेग वाढवला.

फॉक्स चॅपलमध्ये घरं लांब लांब, झाडीच्या आत. पत्ता तिला माहीत नव्हता. शाळेच्या मागं कुठंतरी एवढंच. तिनं चारही काचा खाली केल्या आणि सावकाश गाडी चालवत ऐकायला लागली. गवत कापायचं यंत्र. कुत्रं. एका बाईनं पत्रपेटीजवळून तिच्याकडं संशयानं बघितलं. ट्रूडीला मनात सारखं एकच ऐकू येत होतं, झाडावरून काहीतरी जड पडल्याचा आवाज. न झालेला आवाज. प्रत्येक वळणावर तो झालाय असं वाटायचं.

मग लांबून घरघर आली. फांद्यांचा भुगा करायचं यंत्र. लेनीचंच, कारण त्याचा पट्टा सैल आहे आणि ते दर थोड्या वेळानं शिट्टी मारतं.

तिनं गाडी हिरवळीवरच घातली.

मागच्या अंगणात मर्ल होता. मर्ल साठीचा, आधी पोलादाच्या कारखान्यात, आता लेनीचा जमिनीवरचा मदतनीस. कानाला आवाज अडवायचे टोप. फांदी यंत्रात सारत होता. ट्रूडीनं वर बघितलं.

ॲश करडा, सालीचे पापुद्रे लोंबलेले, एकही पान नाही. फांद्या सगळ्या कापून झालेल्या, नुसता उभा सोट उरलेला. त्याच्या टोकाला, साठ-पासष्ट फुटांवर लेनी. बुटाचे काटे लाकडात रोवलेले, कमरेची दोरी सोटाला वळसा घालून पट्ट्याला अडकवलेली, आणि तो त्या दोरीवर मागं रेलून, दोन्ही हातांत यांत्रिक करवत धरून शेंडा कापत होता. सगळं वजन मागं. दोरीवर. म्हणजे दोरीच्या कडीवर.

ट्रूडीनं मर्लचा खांदा धरून त्याला फिरवलं. तो दचकला. एक कान उघडा केला.

"अगं ट्रूडी! मरशील ना यंत्रात. इथं काय करतेस?"

"त्याला थांबव. कड्या खराब आहेत. मोडणार आहेत."

"कुठल्या कड्या?"

"त्याच्या! सगळ्या! थांबव त्याला, मर्ल!"

मर्लनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. त्यानं चढायच्या दोरीचं खालचं टोक धरलं. वर करवत चालू असली की ओरडून उपयोग नसतो. तीन हिसके द्यायचे, ही त्यांची खूण. तीन म्हणजे थांब.

ट्रूडीनं झडप घालून त्याचं मनगट पकडलं. "हिसका नको! अजिबात नको! हिसक्यानंच तुटेल ती!"

मर्लनं दोरी साप असल्यासारखी सोडली.

"मग सांगू कसं? त्याला ऐकू येत नाही."

वर करवतीचा सूर बदलला. खोल गेला. शेंडा सुटत आला की लेनी तो एका हातानं ढकलतो, आणि शेंडा गेला की सोट धनुष्यासारखा मागंपुढं हलतो. ट्रूडीनं हे शंभरदा बघितलं होतं. सोट हलतो, लेनी त्याच्यावर झुलतो, आणि खाली बघून ओरडतो, झकास! झटका म्हणजे दुसरं काय.

"यंत्र," मर्ल म्हणाला. "यंत्र बंद करतो."

झाडावरच्या माणसाला यंत्राची घरघर दिवसभर अंगात जाणवते. ती कामाच्या मध्ये अचानक थांबली की त्याचा एकच अर्थ, खाली कुणाला तरी लागलंय. मग तो हातातलं टाकतो आणि खाली बघतो.

मर्लनं लाल दांडा खाली मारला. यंत्र धडधडलं, शिट्टी मारली, गप्प झालं.

वर करवत लगेच थांबली.

"मर्ल?" लेनीचा आवाज, घाबरलेला. "मर्ल, बोटं आहेत का सगळी?"

"आहेत!" मर्ल ओरडला. "तू हलू नकोस!"

लेनीनं मान वळवून खाली बघितलं. "ट्रूड? तुला काय कामावरून हाकललं काय?"

"लेनी, मागं रेलू नकोस!" ट्रूडीनं आवाज शांत ठेवायचा प्रयत्न केला, तो फाटलाच. "झाडाला मिठी मार. हळू. अगदी हळू पुढं ये आणि मिठी मार."

"झाडाला?"

"मार म्हणते ना!"

"मला वाटलं तू जेवण घेऊन आलीस." पण तो पुढं आला. दोन्ही हात सोटाभोवती गेले. कमरेची दोरी सैल पडली. ट्रूडीला श्वास घेता आला, अर्धा. "बोल आता. काय झालं?"

"रविवारी कड्या घासल्या ना मी. त्या घासणीत आमचा धातू होता. कड्या आतून कुजल्यात. माझी सकाळी हातात फुटली. बिस्किटासारखी फुटली, लेनी."

सोट वाऱ्यानं किरकिरला.

"चांगली लख्ख दिसतेय की गं," तो म्हणाला. आवाजातली मस्करी निम्मी उतरली होती.

"वरून लख्खच दिसते. बोटानं चाचपू नकोस. कडीवर वजनच टाकू नकोस."

"माझं सगळं सामान कडीवरच आहे, ट्रूड. दोरी कडीवर. कमरेची पण कडीवर."

"माहीत आहे."

"मला पासष्ट फूट उतरायचंय."

"माहीत आहे मला!"

मर्ल तोंडाशी हात धरून ओरडला, "पट्ट्याचं कडं पोलादी आहे ना तुझ्या? मग कड्या सोड. चढायच्या दोरीचं टोक झाडाला फिरवून सरळ त्या पोलादी कड्याला गाठ मार. जुन्या लोकांसारखं. मग वाटलं तर झाडाची पापी घेत घेत उतर."

"एका हातानं गाठ मारू?"

"तुला कुणी शिकवलंय? मीच ना? मार."

ट्रूडीच्या डोक्यात शंभर गोष्टी आल्या आणि एकही उपयोगाची नव्हती. बंबवाले बोलवावे, तर शिडी या अंगणात येणार कशी. खाली गाद्या टाकाव्या, तर पासष्ट फुटांना गाद्या काय करणार. तिला पहिल्यांदाच वाटलं की आपले हात कुठंतरी ठेवून द्यावे. खाली लोंबताना ते तिलाच नको झाले होते.

वर लेनीनं करवत सोडली. ती तिच्या दोरीवर लोंबत राहिली. मग डावा हात झाडाभोवती, गाल सालीला टेकलेला, आणि उजव्या हातानं तो दोरीचं टोक ओढून घ्यायला लागला. दोरी सोटाच्या मागून फेकायची आणि दुसऱ्या बाजूनं पकडायची. पहिल्यांदा हुकली. दुसऱ्यांदा हुकली. सालीचे पापुद्रे गळून खाली भिरभिरत आले. काट्यावर फार वेळ सरळ उभं राहिलं की पोटऱ्या शिवणयंत्रासारख्या चालायला लागतात.

"लेन्या, पाय आवर," मर्ल पुटपुटला. वर ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

तिसऱ्यांदा दोरी हाताला लागली.

"आली!" लेनी म्हणाला. आणि सवयीनं, बारा वर्षांच्या सवयीनं, दोन्ही हात मोकळे करायला तो किंचित मागं रेलला.

ट्रूडीचे दोन्ही हात आपोआप वर गेले, झेलायला असल्यासारखे.

वरून एक बारीक आवाज आला. टिक. बोट मोडल्यासारखा. कमरेची दोरी एका बाजूनं सुटून खाली लोंबली, आणि लेनीची पाठ मागं गेली, गेली, आणि त्याचा डावा हात सालीवरून घसरत, सरकत, एका कापलेल्या फांदीच्या खुंटाशी अडकला. एक काटा लाकडातून निसटला. तो एका पायावर आणि एका हातावर फिरला. त्याची टोपी खाली आली. खूप वेळ येत राहिली.

मग तो परत सोटाला भिडला. छाती, गाल, गुडघे, सगळं. काटा पुन्हा रोवल्याचा खट्ट आवाज आला.

लेनीचा श्वास खालपर्यंत ऐकू येत होता. मेलेल्या झाडाच्या त्या खुंटानं त्याचं वजन कसं पेललं कुणास ठाऊक, ॲशचं लाकूड असल्या वेळी मोडतंच.

"लेनी," ट्रूडी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण घरी लहान लेनीशी तापात रात्रभर बोलत बसायची तेव्हाचा. "दोरी हातात आहे?"

"आहे."

"खाली बघू नकोस. पोलादी कड्यातून घाल."

"हात कापतोय."

"कापू दे. कापत कापत घाल. घातली?"

"थांब... थांब ना... घातली."

"आता गाठ. मर्ल सांगतोय."

मर्लनं सांगितलं. वळसा, खालून, वरून, परत. लहान पोराला बुटाची नाडी शिकवावी तसं. लेनी प्रत्येक शब्द मागून म्हणत होता. गाठ आवळली. मग आणखी एक.

"वजन टाकू?"

मर्लनं ट्रूडीकडं बघितलं. ट्रूडीनं मर्लकडं.

"पट्ट्याच्या कड्याला घासणी लावली होतीस?" मर्लनं हळू विचारलं.

तिनं डोळे मिटले. रविवार. सोफा. पिशवी. पट्टा खुर्चीच्या पाठीवर होता. "नाही. आणि ते पोलाद आहे. पोलादाला तो काही करत नाही."

"टाक!" मर्ल ओरडला.

लेनीनं टाकलं. धरलं.

उतरायला अर्धा तास लागला. एरवी लागतात दोन मिनिटं. दोरीचा फास वितभर खाली सरकवायचा, एक पाय काढायचा, रोवायचा, दुसरा काढायचा, रोवायचा. फास एकदा फांदीच्या खुंटावर अडकला, तेव्हा त्याला परत दीड फूट वर चढावं लागलं. तो रडत होता की शिव्या देत होता हे खालून कळत नव्हतं. ट्रूडी बुंध्याशी उभी राहून नुसतं "हं, एक. हं, अजून एक" म्हणत होती. मानेला रग लागली तरी तिनं नजर काढली नाही. नजर काढली तर तो पडेल असं तिला वाटत होतं, आणि तसं नसतं हे तिला माहीत होतं, तरीही.

बुटाचे काटे गवतात आले तेव्हा लेनी बसला नाही, कोसळला. सालीनं गालाची आणि हाताची कातडी सोलली होती. मर्लनं त्याच्या पट्ट्याची चढायच्या दोरीची कडी न बोलता काढली, दगडावर ठेवली आणि हातोडीनं हलकेच ठोकली. नारळ फोडतात त्याच्या निम्म्या जोरानंही नाही. तीन तुकडे झाले.

लेनी तुकड्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पुन्हा माझ्या पिशवीला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"मजा म्हणून नाही बोलत, ट्रूड. कधीच नाही. दोरीला पण नाही."

"नाही."

तिला त्याच्याजवळ बसून त्याचा गाल बघायचा होता. रक्त आलं होतं. ती दोन पावलं पुढं झाली आणि थांबली. हात तिनं मागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"मर्ल," ती म्हणाली, "तुझ्याकडं फडकं आहे का? त्याचा गाल पूस. मी नको."

"अगं तो धातू माणसाला काही करत नाही असं तूच नेहमी सांगतेस ना?"

"तरी मी नको."

मर्लनं खिशातलं फडकं काढलं आणि लेनीच्या गालावर दाबलं. लेनी ओरडला. मग लेनीनंच विचारलं, डोळे मिटलेलेच ठेवून, "त्या दिवशी अजून काय घासलंस?"

"कड्याच."

"नीट आठव. माझी छोटी ॲल्युमिनियमची शिडी तुझ्याच पडवीत असते. काल शेजारच्या आजोबांनी छताची पन्हळ साफ करायला मागून नेलीय."

ट्रूडीनं रविवार सकाळपासून परत सुरू केला. चर्च. पातेली. कोबी. लेनीची गाडी. पिशवी. घासणी. घासणी संपल्यावर कुठं ठेवली. पडवीत, कठड्यावर. वाळायला. कठड्याला टेकून, घासणीला लागून शिडी.

"फोन दे," ती म्हणाली. "तुझा फोन दे, लेनी. माझा गाडीत राहिलाय."

"गाडीतच आहे माझा पण," तो म्हणाला. पण आजोबांना फोन करायला ती तोवर गाडीकडं पळत सुटली होती.